प्रबंध लिहायला घेतलाय. साहित्य ढीगभर, पण प्रकरणं पडत नाहीत

दुपारची लोकल (प्रश्न)

समाजशास्त्रात पीएच.डी., मराठीतून, मुंबईत. विषय असा: गिरणगावातल्या खाणावळी ते आजची पोळी-भाजी केंद्रं, या वाटेवर बायकांच्या श्रमाचं काय झालं. नोंदणीला साडेतीन वर्षं झाली आहेत.

हाताशी आहे ते: परळ, लालबाग, प्रभादेवी, वरळी इथल्या ४६ मुलाखती (त्यांपैकी १९ जुन्या खाणावळवाल्या किंवा त्यांच्या लेकी-सुना, बाकीच्या केंद्रांतल्या), दादर ते डोंबिवली पट्ट्यातल्या पोळी-भाजी केंद्रांवर काम करणाऱ्या १२० जणींच्या प्रश्नावल्या, अभिलेखागारातल्या टिपणांच्या दोन वह्या आणि वर्तमानपत्रांची कात्रणं. लिहून झालंय ते फक्त पूर्वसंशोधनाचा आढावा, तोही ९० पानं.

सिनॉप्सिसमधली प्रकरणं: १) प्रस्तावना, २) पूर्वसंशोधनाचा आढावा, ३) मुंबई व गिरणगावचा इतिहास, ४) प्रश्नावलीचे विश्लेषण, ५) मुलाखतींचे विश्लेषण, ६) निष्कर्ष व शिफारशी.

या चौकटीत लिहायला बसलं की गाडी अडते. कामाचे तास चौथ्यात घ्यावेत तर पाचव्यात पुन्हा तेच येतात. आणि उधारीचा मुद्दा तर तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या तिन्ही प्रकरणांत डोकावतो. प्रकरणं वेगळी कशी पाडावीत? किती पानं पुरेत? सुरुवात प्रस्तावनेपासूनच करायची का? शिवाय मराठी टायपिंगचा घोळ आहेच: निम्मं लिखाण जुन्या फाँटमध्ये आहे, निम्मं युनिकोडमध्ये. कृपया नेमकं सांगा. "रोज थोडं थोडं लिहा" इतपत ऐकून झालंय.

---

तळटीप

तुमची अडचण साहित्याची नाही, सांगाड्याची आहे. प्रश्नावली आणि मुलाखत ही साधनं. तुम्ही साधनांनाच प्रकरणं करून टाकलंत. विळीवर चिरलेली भाजी एका ताटात आणि सुरीनं चिरलेली दुसऱ्या ताटात वाढल्यासारखं झालं ते. "कामाचे तास" हा विषय एक, त्याचे पुरावे दोन. दोन्ही पुरावे एकाच ठिकाणी, एकाच परिच्छेदात शेजारी बसले पाहिजेत.

प्रकरण पाडण्याची कसोटी सोपी आहे. प्रत्येक प्रकरणासाठी एक पूर्ण वाक्य लिहा, ज्यावर कुणीतरी "हे मला पटत नाही" असं म्हणू शकेल. "खाणावळींचे स्वरूप" हे वाक्य नाही, ते मथळा आहे. "खाणावळवालीनं महिनाभर दिलेल्या उधारीवर गिरणीकामगाराचं पोट चालत होतं, म्हणजे गिरणीच्या मजुरीचा काही भार ती उचलत होती" हे वाक्य आहे. ते खरं की खोटं हे तुमचा पुरावा ठरवील, पण निदान प्रकरणाला काम मिळालं.

तुमच्या विषयाला मी आठ प्रकरणं सुचवीन. प्रस्तावना २० पानं. आढावा आणि सैद्धांतिक चौकट ३५. संशोधनपद्धती २५. मग चार मुख्य प्रकरणं: गिरणी संपापूर्वीची खाणावळ आणि तिचा हिशोब (४०), १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाल्यानंतरची पडझड (३५), आजचं केंद्र आणि तिथली मजुरी (४५), घरचं रांधणं आणि विकायचं रांधणं यांतली सरमिसळ (३५). शेवटी निष्कर्ष १५. बेरीज २५०. ए-फोर पानावर दीडपट अंतरानं मराठी मजकूर सुमारे ३०० शब्द बसतो, म्हणजे ७५ हजार शब्द. सामाजिक शास्त्रांसाठी हे भरपूर झालं. चारशे पानांचा प्रबंध परीक्षकाला भारी वाटतो हा गैरसमज आहे; त्याला तो नुसता जड वाटतो.

"मुंबई व गिरणगावचा इतिहास" हे स्वतंत्र प्रकरण काढून टाका. सात बेटांपासून सुरू होणारी पन्नास पानं कुठल्याच प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. कोकण आणि घाटावरून एकटे आलेले पुरुष, भाड्याच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारे, रांधायला घरी कुणी नाही, म्हणून खाणावळ. एवढी पार्श्वभूमी चौथ्या प्रकरणाच्या तोंडाशी सहा-सात पानांत येते.

लिहिण्याचा क्रम आणि वाचण्याचा क्रम वेगळा ठेवा. आधी पद्धतीचं प्रकरण लिहा. ते सोपं आहे म्हणून, आणि मुलाखती कुठे, कशा, कुणाच्या ओळखीनं झाल्या हे दर महिन्यागणिक विसरायला होतं म्हणून. नंतर चार मुख्य प्रकरणं, ज्याचा पुरावा सगळ्यात भक्कम ते पहिलं. मग आढाव्याची कापाकापी, मग निष्कर्ष, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी. प्रस्तावना म्हणजे पाहुण्याला घर दाखवणं. घर बांधून व्हायच्या आधी काय दाखवणार?

पुरावा प्रकरणांत वाटायला एक्सेलची एक शीट पुरते. आडव्या ओळींत मुलाखती मु-१ ते मु-४६, उभ्या रकान्यांत मुद्दे: उधारी, भांडवल, कामाचे तास, जागा, घरातल्यांची मदत, संप, मजुरीचा दर, आजारपण. प्रत्येक चौकोनात एकच ओळ आणि मुलाखतीच्या लिखित प्रतीचं पान. मुद्दे दहा-बाराच्या वर नेऊ नका, नाहीतर शीट म्हणजे दुसरी मुलाखत होते. रकाना उभा वाचलात की प्रकरणाचा कच्चा माल मिळतो. रिकामे चौकोनही बोलतात: पन्नाशीपुढच्या कुणीच कामाचे तास सांगितले नसतील, तर का, हाच मुद्दा.

आता आढाव्याबद्दल. ९० पानं होण्याचं कारण ठरलेलं असतं: एका लेखकाला एक परिच्छेद. "अमुक यांनी असे म्हटले आहे. तमुक यांच्या मते असे." हे ग्रंथालयाचं कार्डांचं कपाट झालं. लेखकांऐवजी वादांवर रचा. तुमच्या विषयात मला तीन-चार वाद दिसतात: घरकाम हे श्रम मानायचं की नाही, असंघटित कामाची व्याख्या, गिरणगावच्या अभ्यासांत बाई कुठे आहे, आणि अन्न शिजवण्याचं काम कोणत्या जातीच्या हातचं चालतं. प्रत्येक वादाला आठ पानं. ज्या पुस्तकाचा उपयोग पुढच्या चार प्रकरणांत एकदाही होत नाही, ते आढाव्यातून गेलं तरी कुणी शोधायला येणार नाही.

मुलाखतीतलं अवतरण देताना आधी एक वाक्य (कोण, कधीच्या काळाबद्दल बोलतेय), मग अवतरण, पाच-सहा ओळींपुढे नको, आणि मग अवतरणाच्या निदान दीडपट तुमचं विवेचन. एकापाठोपाठ चार अवतरणं ठेवून "यावरून स्पष्ट होते की" असं लिहिलं की परीक्षक तिथेच पेन्सिल उचलतो. प्रश्नावलीचे आकडे "१२० पैकी ३१ (२५.८ टक्के)" असे द्या. पण पोटगटात चौदाच जणी असतील तर टक्केवारी काढू नका, नुसता आकडा लिहा. कोष्टकात आहे तेच खाली वाक्यांत पुन्हा लिहिणं हा पानं भरण्याचा उद्योग. कोष्टकातलं अनपेक्षित काय तेवढं लिहा.

सिनॉप्सिसची काळजी नको. शीर्षक बदलायला रीतसर परवानगी लागते, पण प्रकरणांची फेरमांडणी सहसा प्रगती अहवालात नोंदवून, मार्गदर्शक आणि सल्लागार समितीच्या संमतीनं होते. तोंडी संमतीवर मात्र राहू नका.

---

जुनं दप्तर

तळटीप यांच्याशी बहुतेक सहमत, एक सोडून. इतिहास सहा पानांत आटपा म्हणणं धोक्याचं आहे, कारण प्रश्नकर्तीच्या दोन वह्या नेमक्या त्यातच आहेत. इतिहास पार्श्वभूमी म्हणून नको, पुरावा म्हणून हवा. सुरुवातीला गठ्ठ्यानं न टाकता चौथ्या प्रकरणात मुलाखतींच्या समोर उभा करा.

जुनी सरकारी साधनं वाचताना ती कशासाठी तयार झाली हे लिहा. १९२१ पासून निघणारं लेबर गॅझेट, कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या पाहण्या, १९३१ ला अहवाल देणारा रॉयल कमिशन ऑन लेबर. जमाखर्चाची पाहणी कामगाराचा खर्च मोजते. खाणावळीला महिन्याकाठी किती दिले, हे तिथे सापडेल. रांधणारीला किती उरले, हा प्रश्नच त्या तक्त्याचा नाही. त्या कागदात जेवणारा दिसतो, वाढणारी दिसत नाही. हा मुद्दा पद्धतीच्या प्रकरणात दोन पानांत मांडलात तर मुलाखती का घेतल्या याचं समर्थन आपोआप होतं.

अभिलेखागाराचा संदर्भ देताना (एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं असेल असं धरून) विभाग, वर्ष, खंड किंवा फाइल क्रमांक आणि पान, चारही हवेत. वहीत "ज. डि. १९२८" एवढंच लिहिलं असेल तर आत्ताच जाऊन पूर्ण करा. प्रबंध सादर करायच्या आठवड्यात तीच फाइल मिळेल याचा भरवसा नाही. जुन्या मराठी पुस्तकांवर शक असेल तर ७८ मिळवा, पण शक चैत्रात बदलतो. जानेवारी ते मार्चमधलं प्रकाशन असेल तर ७९. मूळ शक ठेवून पुढे इसवी सन द्यावा: शके १८२०, इ.स. १८९८.

मुलाखतीतल्या काळाबद्दल: सत्तरी ओलांडलेल्या बाईला साल विचारू नये, घटना विचारावी. "दुष्काळ पडला तेव्हा" म्हणजे १९७२, "आणीबाणी", "डॉक्टरांचा संप" म्हणजे डॉ. दत्ता सामंतांचा १९८२ चा गिरणी संप. प्रबंधात मात्र "संपाच्या वेळी" एवढ्यावर भागवू नका. संपाच्या पहिल्या सहा महिन्यांत की नंतर, हे पक्कं करा, कारण उधारी किती काळ ओढली यावर तुमचं पाचवं प्रकरण उभं राहणार. आणि प्रेमा पुरव यांनी १९७५ ला उभं केलेलं खाणावळवाल्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ सोडू नका. खाणावळवालीला बँकेचं कर्ज मिळू लागलं म्हणजे सावकाराचं व्याज सुटलं का, की दोन्ही चालू राहिलं? तुमच्या १९ मुलाखतींत याचं उत्तर असेल तर दहा पानं तिथेच आहेत.

---

अर्धचंद्र

मी फक्त टायपिंग आणि फाइलवर लिहितो. लोक याकडे शेवटच्या महिन्यात वळतात आणि दोन महिने घालवतात.

जुन्या फाँटमधला मजकूर आजच युनिकोडमध्ये आणा. जुन्या फाँटमध्ये संगणकाला मराठी दिसतच नाही. त्याच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांचा काला असतो, वर फक्त मराठी अक्षरांची झूल. शोध चालत नाही, अनुक्रमणिका बिघडते, आणि साम्य तपासणारं सॉफ्टवेअर "० टक्के" दाखवतं. हा शून्य आनंदाचा नाही, फाइल वाचलीच गेली नाही याची ती खूण आहे. परिवर्तकातून मजकूर काढल्यावर ठरावीक ठिकाणं डोळ्यांनी तपासा: रफार, पोटफोड्या "ष", "श्र", "क्त", "द्ध", ऱ्हस्व इकार असलेली जोडाक्षरं, अवतरणचिन्हं आणि आकडे. आकडे सगळ्यात घातक. कोष्टकातला ३ चा ६ झाला तर कुणाच्या लक्षात येत नाही.

युनिकोडमध्येही एकच अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. "ॲ" हे एक चिन्ह म्हणूनही येतं आणि "अ" वर चंद्र देऊनही. "करणाऱ्या"मधला अर्धा ऱ्य दोन वेगवेगळ्या सांकेतिक रूपांत येतो. पडद्यावर फरक दिसत नाही, पण शोधताना निम्मे शब्द सापडत नाहीत. एकच कीबोर्ड ठरवा आणि जुन्या मजकुरात एकदा शोधा-बदला चालवून घ्या.

वर्डमध्ये स्टाइल वापरा. प्रकरणाला हेडिंग १, उपविभागाला हेडिंग २, त्याखाली फार तर हेडिंग ३. चौथी पातळी लागते आहे असं वाटलं तर प्रकरण चुकलंय. मथळे हातानं ठळक करून ठेवले की अनुक्रमणिकाही हातानं करावी लागते, आणि मार्गदर्शकांनी एक परिच्छेद वाढवायला सांगितला की सगळे पानक्रमांक कोसळतात. मराठीत एक जास्तीची मेख आहे: स्टाइलमध्ये फाँट आणि आकार बदलूनही अक्षर ढिम्म हलत नाही. कारण वर्ड देवनागरीचा फाँट "कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट" नावाच्या वेगळ्या खणातून घेतो. फाँटच्या खिडकीत तिथेही तोच फाँट आणि आकार भरा. काहीजण यामुळे वैतागून पुन्हा हातानं फाँट लावत बसतात.

सुरुवातीची पानं (प्रमाणपत्रं, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, कोष्टकांची यादी) रोमन अंकांत, पहिल्या प्रकरणापासून १. त्यासाठी मध्ये साधा पेज ब्रेक चालत नाही, सेक्शन ब्रेक लागतो. आणि पानाच्या तळाच्या पट्टीत (फूटर) जाऊन "लिंक टू प्रीव्हियस" बंद करावं लागतं. हे विसरल्यामुळेच "पान सुधारलं की मागचं बिघडतं" असं होतं. कोष्टकांना कॅप्शनची सोय वापरून क्रमांक द्या (४.१, ४.२) आणि मजकुरात "वरील कोष्टकात" असं न लिहिता क्रॉस-रेफरन्स घाला. शेवटी सगळं निवडून एफ-नाइन दाबलं की आकडे ताजे होतात. बांधणीसाठी डावीकडचा समास दीड इंच ठेवा. बाकी मापं तुमच्या विद्यापीठाच्या परिपत्रकातूनच घ्या.

संदर्भांसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि वर्डला जोडता येतं. मात्र मराठी नोंदींची अकारविल्हे यंत्रावर सोडू नका. युनिकोडच्या क्रमात ळ हा ल च्या पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. क्ष म्हणजे यंत्राला क अधिक ष, म्हणून "क्षीरसागर" क च्या रांगेत घुसतात, आणि ज्ञ हा ज च्या. मराठी आणि इंग्रजी सूची वेगळ्या करा आणि मराठीची अंतिम रांग हातानं लावा. हे काम सगळ्यात शेवटी, झोटेरोचा दुवा तोडल्यानंतरच, कारण त्याआधी लावलेली रांग पुढच्या अपडेटला मोडते. दुवा तोडण्यापूर्वी प्रत ठेवा.

शुद्धलेखनाची एक शब्दयादी भिंतीवर लावा: खाणावळ की खानावळ, पोळी की चपाती, गिऱ्हाईक की ग्राहक. तुमचं निवेदन "केले, होते" असं, मुलाखतीतलं बोलणं मात्र "केलं, व्हतं" जसंच्या तसं. मुलाखत प्रमाण मराठीत "सुधारून" घेऊ नका, ते पुराव्याशी छेडछाड केल्यासारखं आहे.

---

दुपारची लोकल

सर्वांचे आभार. तिसरं प्रकरण काढलं, शीट सुरू केली. आणखी दोन शंका. या साहित्यावर माझा एक लेख मराठी नियतकालिकात आला आहे; त्यातली सात-आठ पानं सहाव्या प्रकरणात हवी आहेत, ती साम्यात धरतील का? आणि मुदतीचं गणित नेमकं काय? विभागात प्रत्येकजण वेगळं सांगतो.

---

कलम पोटकलम

मुदत आधी. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.चे नियम ७ नोव्हेंबर २०२२ ला आले. त्यांनुसार कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणीनं दोन वर्षं वाढतात, आणि महिला संशोधकांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहाच्या आत. प्रसूती आणि बालसंगोपनाची रजा संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत मिळू शकते. पण तुमची नोंदणी कोणत्या नियमांखाली झाली ते नोंदणीपत्रावर बघा. २०१६ च्या नियमांत प्रबंधापूर्वी एक शोधनिबंध आणि दोन परिषदांतलं वाचन सक्तीचं होतं, २०२२ मध्ये ती सक्ती गेली. विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं. विभागात दोन मतं ऐकू येतात ती यामुळेच.

साम्याचे टप्पे आयोगाच्याच २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांत आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरावीक मुदतीत, फार तर सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा द्यायचं. ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेलं की नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, योग्य श्रेय दिलेली अवतरणं, कायदे आणि प्रमाणित संज्ञा मोजणीतून वगळायच्या असतात, तसेच सलग १४ शब्दांपर्यंतची योगायोगाची जुळणी. तपासणारा माणूस ही गाळणी लावायला विसरला तर आकडा फुगतो. म्हणून नुसता टक्का घेऊन घाबरू नका. पूर्ण अहवाल मागा आणि कुठला परिच्छेद कशाशी जुळला ते बघा. तपासणीला शक्यतो वर्डची फाइल द्या. देवनागरी पीडीएफमधून मजकूर उचलताना काना-मात्रा विस्कटतात आणि निकाल कुठल्याच बाजूनं भरवशाचा राहत नाही.

तुमचा स्वतःचा लेख: वापरा, पण सांगून वापरा. सहाव्या प्रकरणाच्या पहिल्या पानाच्या तळटिपेत "या प्रकरणाचा काही भाग अमुक नियतकालिकाच्या अमुक अंकात प्रसिद्ध झाला आहे" असं लिहा, संदर्भसूचीत लेख द्या, आणि त्याची प्रत परिशिष्टात जोडा. स्वतःचं लिखाण न सांगता पुन्हा वापरलं तर तेही वाङ्मयचौर्यात बसवतात. तपासणीच्या वेळी ग्रंथालयाला हा लेख वगळायची लेखी विनंती मार्गदर्शकांच्या सहीनं द्या.

मराठी प्रबंधांत वेगळाच रोग आहे: इंग्रजी परिच्छेद भाषांतर करून घालायचा आणि नाव द्यायचं नाही. सॉफ्टवेअरला तो सापडत नाही, ज्यानं मूळ पुस्तक वाचलंय त्या परीक्षकाला मात्र सापडतो, कारण वाक्यांच्या पोटात इंग्रजी खडखडत असतं.

पुढचा क्रम: सादर करण्याआधी सल्लागार समितीसमोर सादरीकरण, त्याला विभागातले प्राध्यापक आणि इतर संशोधकही येऊ शकतात. तिथे आलेल्या सूचना आणि तुम्ही काय बदललं याचा दोन रकान्यांचा तक्ता करून ठेवा. प्रबंध मार्गदर्शकांखेरीज किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. एकाचा अहवाल प्रतिकूल आला तर पर्यायी परीक्षकाकडे पाठवतात. प्रबंध दिल्यापासून सहा महिन्यांत मौखिक परीक्षेसकट प्रक्रिया संपवावी असं नियम म्हणतो. पदवीआधी त्याची प्रत शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, जाते. तिथून तुमच्याच विभागाचे अलीकडचे पाच-सहा प्रबंध उतरवून पहिली वीस पानं ताडून बघा; प्रमाणपत्रांचा क्रम आणि मजकूर तिथेच कळतो.

शोधगंगेवर जाणार म्हणूनच एक इशारा. मुलाखतीतली नावं बदललीत तरी "अमुक चाळीतली, तळमजल्यावरची, माशाचं जेवण देणारी" एवढ्यावरून लालबागेत माणूस ओळखता येतं. चाळीचं नाव काढा, वॉर्ड ठेवा. संमतिपत्राचा कोरा नमुना परिशिष्टात, सह्यांची पत्रं तुमच्या कपाटात.

---

दुपारची लोकल

तळटीप यांनी सांगितल्याप्रमाणे चार मुख्य प्रकरणांची वाक्यं केली. बघाल का?

प्र. ४: खाणावळ गिरणीच्या पगाराच्या तारखेवर चालत होती, त्यामुळे गिरणीतला प्रत्येक खाडा बाईच्या चुलीपर्यंत पोचत होता.
प्र. ५: संपामुळे खाणावळींवर झालेले परिणाम.
प्र. ६: केंद्रात मजुरी पोळीमागे ठरते, म्हणून कणीक भिजवणं, भांडी, वाट बघणं हा वेळ बिनपैशाचा राहतो.
प्र. ७: घरचं आणि विकायचं एकाच चुलीवर शिजतं, म्हणून बायका स्वतःच आपले तास कमी सांगतात.

---

तळटीप

चार आणि सहा चालतील. पाच हा मथळा आहे, वाक्य नाही. "परिणाम" हा शब्द आला की समजावं, अजून ठरलेलं नाही. उधारी तर सगळ्यांचीच बुडाली असणार; काहींनी चूल बंद केली आणि काहींनी गिऱ्हाईक बदलून चालू ठेवली, तर फरक कशानं पडला? खोली कुणाच्या नावावर होती, घरात दुसरी कमाई होती का, कर्ज बँकेचं होतं की सावकाराचं. शीटमध्ये या तिन्हींचे रकाने करा आणि १९ ओळी आडव्या वाचा. ज्या रकान्यावर "टिकल्या" आणि "मोडल्या" असे दोन गट स्वच्छ पडतील, तो तुमच्या वाक्यातला "म्हणून". कुठल्याच रकान्यावर पडले नाहीत तर तसंही लिहिता येतं, पण मग प्रकरण ३५ पानांचं नाही, २० चं.

सातव्याला पुरावा कमी पडेल. "तास कमी सांगतात" हे म्हणायला खरे तास कुठूनतरी कळायला हवेत. प्रश्नावलीत सांगितलेले तास एकीकडे आणि निदान आठ-दहा जणींच्या एका पूर्ण दिवसाची सकाळी उठल्यापासूनची नोंद दुसरीकडे, असं काही आहे का?

---

दुपारची लोकल

दिवसाची नोंद सहा जणींची आहे, आणखी चार करता येतील. खोलीच्या नावाचा प्रश्न १९ पैकी ११ मुलाखतींत आलाय. उरलेल्या आठजणींना फोन करून विचारते.

---

कलम पोटकलम

फोन केलात तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा, आणि आधीच्या संमतिपत्रात पुन्हा संपर्क करण्याची परवानगी होती का ते बघा. नसेल तर फोनवर आधी ती विचारा. पद्धतीच्या प्रकरणात या आठ फोनची वेगळी नोंद लागेल.